सातेरीच्या जुव्याचा भाव

"चपला होडयेत ठेव, चेडवा. जुव्यार चपला नाय."

द्वारकाकाकी एवढंच म्हणाली आणि साडीचा ओचा खोचून गुडघाभर पाण्यात उतरली. मी होडीच्या कडेवर बसून राहिले. एका हातात पुठ्ठ्याला चिमट्याने लावलेले छापील तक्ते, दुसऱ्या हातात पेन्सिल, खांद्याला शबनम, आणि पायात पुण्याहून खास या कामासाठी घेतलेल्या रबरी चपला. मी सांगलीकडची. समुद्र पाहिला तो कॉलेजच्या सहलीत, तोही लांबून. त्या चिखलात अनवाणी उतरायचं अगदी जिवावर आलं होतं. पण काकी काही मागे वळून बघेना. शेवटी निमूटपणे चपला काढल्या आणि उतरले. चिखल थंड होता, आणि वाटला होता तेवढा वाईट नव्हता.

ही गोष्ट वीस वर्षांपूर्वीची. मी चोवीस वर्षांची होते, अर्थशास्त्रात एम.ए. झालेली आणि पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत नुकतीच चिकटलेली. आपल्याला सगळं कळतं असं वाटण्याचं ते वय, आणि मला ते जरा जास्तच वाटायचं. संस्थेने मला नऊ दिवसांसाठी कोरजुव्याला पाठवलं होतं. दक्षिण कोकणातल्या एका खाडीवरचं हे चाळीस-पंचेचाळीस गाबीत घरांचं गाव. पुरुष मासेमारीला जाणारे, बायका खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे वाळूतल्या शिंपल्या, आणि कालवं काढून तालुक्याच्या बाजारात विकणाऱ्या. माझी राहण्याची सोय द्वारका तांडेल या बाईंच्या घरी झाली होती. साठीच्या पुढच्या, अंगाने काटक. गावातल्या बायका त्यांना विचारल्याशिवाय होडी सोडत नसत. पहिल्या दिवशी मी त्यांना अहो-जाहो करत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनीच बजावलं की घरात जेवणाऱ्या पोरीने असलं काही करायचं नाही, म्हणून मग मी अगं काकी म्हणू लागले.

जुवा म्हणजे खाडीच्या मधोमध वाळू आणि गाळ साठून तयार झालेलं बेट. भरतीला ते पाण्याखाली जातं, सुकती लागली की पाठ वर काढतं. कोरजुव्याच्या खाडीत अशा तीन जागा होत्या. दोन जागांवर बायका विकण्यासाठी तिसऱ्या काढायच्या. तिसरी जागा ही, सातेरीचा जुवा. सातेरी म्हणजे गावची देवी. तिचं देऊळ काठावर, पण जुवाही तिचाच, असं सगळं गाव मानायचं.

काकी वाकून वाळूत बोटं घालत होती. पहिली मूठ वर आली तशी तिने ती परत वाळूत पुरली. मी विचारलं, हे का. ती म्हणाली, पहिली मूठ देवीची. मग एकेक नियम कळत गेला. जुव्यावर टोपली आणायची नाही, स्वतःच्या ओच्यात मावेल तेवढंच न्यायचं. एका सुकतीला एका घरातली एकच बाई. बोटाच्या पेरापेक्षा लहान तिसरी घरी न्यायची नाही. आणि इथे यायचं ते घरात काही नसेल तेव्हाच. नवरा आजारी आहे, बाळंतीण आहे, होडी रिकामी परत आली आहे. पावसाचे दोन-अडीच महिने होड्या वर ओढलेल्या असत, तेव्हा तर निम्मं गाव या जुव्यावर जगायचं. सगळ्यात मोठा नियम शेवटचा. इथलं विकायचं नाही.

आता मागे वळून पाहताना कळतं, की मासेसाठा कसा राखावा यावर आमच्या संस्थेत जी जाडजूड पुस्तकं होती, त्यातला सगळा शहाणपणा काकीने मला त्या सकाळी दहा मिनिटांत सांगितला होता. तेव्हा मात्र मी "स्थानिक श्रद्धा" असं वहीच्या समासात लिहिलं आणि पुढे सरकले.

माझं काम काय होतं, ते सांगते. तालुक्याच्या बंदराशेजारी नवी जेटी होणार होती. मोठ्या बोटी आत आणायच्या तर खाडीचा तळ खोदून खोल मार्ग करावा लागणार होता. त्या मार्गाच्या तीन आखण्या कागदावर तयार होत्या, आणि प्रत्येक आखणी या तीनपैकी एका जागेवरून जात होती. कुठल्या आखणीने निसर्गाचं आणि लोकांचं किती नुकसान होईल ते रुपयांत काढून द्या, असं सरकारी खात्याने आमच्या संस्थेला सांगितलं होतं. सगळ्यात कमी नुकसान जिथे, तिथून मार्ग.

आमचे प्रमुख डॉ. किरकिरे या कल्पनेवर मनापासून विश्वास ठेवणारे होते. माणूस सज्जन, अंगावर कायम खादीचा अर्धा शर्ट, कुणाचा चहा फुकट न पिणारा. मला निघताना त्यांनी सांगितलेलं वाक्य अजून आठवतं. "ज्याला किंमत नाही त्याला सरकारी फाईलीत जागा नाही. आपण निसर्गाला किंमत लावतो ती विकण्यासाठी नाही, वाचवण्यासाठी." मला ते वाक्य इतकं आवडलं होतं की एसटीत बसल्या बसल्या मी ते डायरीत उतरवून घेतलं.

सरांनी आणखी एक गोष्ट बजावली होती. आखण्यांबद्दल गावात अवाक्षर काढायचं नाही. आपल्या उत्तरावर काय ठरणार आहे हे लोकांना कळलं की ते आकडे फुगवतात, मग अभ्यासाला अर्थ राहत नाही. म्हणून मी घरोघर सांगितलं, खाडीची माहिती गोळा करायला आले आहे. जेटी होणार एवढं गावाला माहीत होतं. तिचा मार्ग कुणाच्या उरावरून जाणार, हे फक्त मला.

तक्ता अठरा रकान्यांचा होता. सोळाव्यात वर्षभराची विक्री, सतराव्यात एका वाट्याचा भाव, अठराव्यात घरी खाल्लेला माल. वाटा म्हणजे बाजारात बायका लावतात ती तिसऱ्यांची रास. घरी खाल्लेल्या मालाची किंमत काढायची ती सतराव्या रकान्यातल्या भावाने गुणून. म्हणजे घरातली माणसं जे खात होती त्याला मोल यायचं, पण आधी तिथला वाटा कुणीतरी विकलेला पाहिजे. एका जागेचा भाव दुसऱ्या जागेला लावायचा नाही, असं खात्याच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं होतं. असले नियम करणारी माणसं घरी काय खातात, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

पहिल्या दोन जागांचे रकाने भराभर भरले. बायका हिशोबाला पक्क्या होत्या, हंगामाचा भाव वेगळा, पावसाआधीचा वेगळा, सगळं तोंडपाठ. पण सातेरीच्या जुव्याचं नाव काढलं की त्यांचा आवाज बदलायचा. विक्री किती, असं मी विचारलं की समोरची बाई एकदम ताठ बसायची, काठावरच्या देवळाकडे बघून हात जोडायची आणि म्हणायची, एक पैसा नाही. काही जणी तर रागवायच्याच. हे विचारलंसच कसं, असा चेहरा. काकीच्या घरात मी हा प्रश्न विचारला तेव्हा ती पडवीत बसून निळ्या नायलॉनच्या दोऱ्याने पाटीचा फाटलेला काठ शिवत होती. तिने दोरा दाताने तोडला.

"सातेरीच्या जुव्यारचा आमी इकणांव नाय," ती म्हणाली. "कोणी एक पैसो घेतलेलो नाय. लिव तसा. मोठ्या अक्षरात लिव."

मी लिहिलं. शून्य. दुसऱ्या घरात शून्य, तिसऱ्या घरात शून्य. त्या बायका मला आपल्या गावचं सर्वात मोठं भूषण सांगत होत्या आणि ते माझ्या तक्त्यात उतरताना असं दिसत होतं. मला ते खटकत होतं, खोटं कशाला बोलू. पण खटकलेलं सगळं आपण रात्री वहीत लिहून ठेवतो आणि मोकळे होतो, तसलीच मी.

सातव्या दिवशी शेवंती मोंडकरच्या घरी गेले. घर वाडीच्या टोकाला. नवरा ट्रॉलरवरच्या कामात कंबरेवर पडून वर्षभर अंथरुणाला खिळलेला. दोन मुली शाळेत. शेवंती तिशीची असेल, पण चेहऱ्यावर झोप नसलेल्या माणसाची कळा. तिने कोरा चहा दिला, सगळी उत्तरं दिली, आणि सोळाव्या रकान्याला तीही देवळाकडे हात जोडून म्हणाली, एक पैसा नाही. फक्त ती माझ्याकडे बघत नव्हती.

मी निघाले आणि माडांच्या बागेतून परत येत होते, तर ती मागून धावत आली. डोक्यावर पाटी, पाटीवर ओला फडका. फडका बाजूला केला तर आत तिसऱ्या. तिने इकडेतिकडे पाहिलं.

"मी इकतंय, बाय," ती म्हणाली. "आटवड्यात दोनदा. तालुक्याक एका खानावळीत देतंय. औषदाक पैशे व्हये. देवीकडे बघून खोटा बोललंय, ता माका सोसणा नाय, म्हणान तुका सांगतंय."

सवयीने माझा हात चालला होता. तिने सांगितलं तसं मी पेन्सिलीने लिहिलं, वाटा वीस रुपये, आठवड्याला चार वाटे. तिचं लक्ष पेन्सिलीकडे गेलं. अक्षर तिला वाचता येत नव्हतं, पण आकडा ओळखता येत होता. बाजारात बसणाऱ्या बाईला तो ओळखता येतोच.

"ता पुसून टाक," ती म्हणाली. "तुका सांगितलंय, देवीन आयकल्यान, संपला. गावात कळला तर कोण माका दारात उभी करूचो नाय. माझ्या चेडवांची लग्ना करूची आसत."

मी तिचा हात धरला आणि सांगितलं की कुणाला कळणार नाही. शब्द दिला. ती पदराने डोळे पुसून पाटी घेऊन बाजाराच्या वाटेला लागली. पाटीच्या काठाला निळ्या दोऱ्याची शिवण होती. माझ्या नजरेला ती पडली, डोक्यात मात्र शिरली नाही.

खोडरबर शबनममध्ये होतं. तरी मी तेव्हा खोडलं नाही. पुण्याला जाऊन बघू म्हटलं.

पुण्यात किरकिरे सरांनी सगळे तक्ते टेबलावर मांडले. दोन तास बेरजा चालल्या. पहिल्या जागेचं वर्षाचं मोल काही लाखांत गेलं, दुसरीचं त्याहून थोडं कमी. तिसऱ्या जागेपाशी सर थांबले. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"सगळीकडे शून्य कसं? निम्मं गाव पावसाळाभर इथलं खातं, असं तूच लिहिलं आहेस."

मी नियम सांगितले. पहिली मूठ, ओचा, विकायचं नाही. सर ऐकत राहिले, आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. ते म्हणाले, असंच गेलं तर खातं तिसरी आखणी घेणार, तिथून मार्ग काढायला त्यांना काही भरावंच लागणार नाही. मग त्यांनी टेबलावर पुढे झुकून विचारलं.

"एक तरी विक्री आहे का? एकच. कुणीही, कधीही. एक भाव मिळाला तर मी तो सगळ्या घरांना लावतो आणि हा जुवा सगळ्यात महाग जागा ठरवून दाखवतो."

मी विचारलं, ज्या बाईने विकलं तिचं नाव अहवालात येईल का. सर म्हणाले, नाव नाही, पण घरक्रमांक येणार, तक्ते जोडपत्रात लावावेच लागतात. आणि जनसुनावणीत गावासमोर गोषवारा वाचून दाखवतात. शेवंतीचं घर क्रमांक एकतीस. तो आकडा वाचल्यावर कोरजुव्यात कुणाला कळायचं राहणार होतं.

मी पाणी पिऊन येते म्हणून बाहेर गेले. घर क्रमांक एकतीसचा तक्ता बरोबर नेला होता. जिन्याच्या खिडकीत उभं राहून पेन्सिलीचे ते आकडे खोडले. कागद जरा फाटला. त्यावर शाईने शून्य काढलं आणि आत येऊन सरांना सांगितलं, एकही नाही.

सरांनी तक्ते गोळा केले. मग म्हणाले की जोडपत्रात या चालीरीतीवर एक परिच्छेद लिही, चांगला लिही. मी तो फार चांगला लिहिला. दोन दिवस त्यावर बसले होते. एकशे बेचाळीस पानांच्या अहवालात तो एकशे अडतिसाव्या पानावर होता.

आकडा खोडला त्या रात्री मला स्वतःबद्दल किती बरं वाटलं होतं ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो. एका गरीब बाईची अब्रू मी राखली, दिलेला शब्द पाळला, आणि तोही सरांसमोर, नोकरी पणाला लावून. मैत्रिणीला सांगताना तर माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. जुव्याचं काय होणार हे मला स्पष्ट दिसत होतं. पण जुवा माझ्यासमोर रडला नव्हता.

जनसुनावणी देवळासमोरच्या मंडपात झाली. खात्याचा अधिकारी भला माणूस होता, संथ आवाजात वाचत होता. पहिली आखणी, अपेक्षित नुकसान इतके लाख. दुसरी आखणी, इतके लाख. तिसरी आखणी, सातेरीचा जुवा, विक्रीचं उत्पन्न काही नाही, मूल्य निरंक. मंडपात बसलेल्या बायकांनी ते ऐकलं आणि त्यांच्यात समाधानाची एक हालचाल झाली. सरकारी कागदावर छापून आलं होतं, की या गावाने देवीचं विकलं नाही. द्वारकाकाकी तिसऱ्या रांगेत होती. ती माझ्याकडे बघून हसली आणि मान हलवली. शाबास, असं. शेवंती मागे खांबाला टेकून उभी होती. तिने माझ्याकडे पाहून डोळे मिटले.

दहा मिनिटांनी अधिकाऱ्याने तिसरी आखणी सुचवली आहे असं सांगितलं आणि नकाशा वर धरला. तेव्हा कुठे बायकांना उमगलं. काकी उठून उभी राहिली. ती काय काय म्हणाली ते मला धड ऐकूही आलं नाही, कारण मी तोंड वहीत घातलं होतं. अधिकाऱ्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, श्रद्धेचा मुद्दा म्हणून नोंद केली, आणि देवळाला धक्का लागणार नाही असं आश्वासन दिलं. देवळाला धक्का लागला नाही, हे खरं आहे.

पुढच्या हिवाळ्यात गाळ उपसणारं यंत्र आलं. मी ते पाहायला गेले नाही. मी पुण्यात बसून प्रबंध लिहीत होते. लोक किंमत सांगायला नकार देतात तेव्हा ते आकडेवारीत शून्य म्हणून कसं उतरतं, आणि धोरण त्या शून्याचं काय करतं, हा विषय. कोरजुवे हे त्यातलं मुख्य प्रकरण. परीक्षकांनी फार वाखाणलं. त्यावर मला डॉक्टरेट मिळाली, मग प्राध्यापकी, मग दिल्लीत एका समितीवर जागा. खोडलेल्या आकड्याचा उल्लेख प्रबंधात कुठेच नाही.

चौदा वर्षांनी मी परत गेले. गाडी थेट जेटीपर्यंत जाते आता. मोठ्या बोटी दोन-तीन वर्षं आल्या, मग मार्ग पुन्हा गाळाने भरला, आणि पुन्हा उपसायला पैसे नाहीत म्हणून तसाच पडला. जुवा मात्र परत वर आला नाही. पाण्याची ओढ बदलल्यामुळे बाकीच्या दोन जागाही गेल्या, एक गाळाखाली, एक वाहून. जेटीच्या तोंडाशी पर्यटकांसाठी चार टपऱ्या आहेत. त्यातल्या एकीवर शेवंती बसली होती, समोर तिसऱ्यांचे वाटे. केस पिकले होते. तिने मला लगेच ओळखलं. मी आधी काकीला भेटून येते म्हटलं.

काकी पडवीत होती, त्याच जागी. डोळ्यांनी कमी दिसत होतं, म्हणून पाटी शिवणं सुटलं होतं. तिने माझा चेहरा हाताने चाचपला, मुलंबाळं विचारली, पेज घे म्हणाली. चौदा वर्षं पोटात ठेवलेलं मी तिथे ओकून टाकलं. शेवंती जुव्यावरचं विकत होती, तिने मला सांगितलं होतं, मी लिहिलं होतं आणि मग खोडलं. तो एक आकडा ठेवला असता तर कदाचित जुवा राहिला असता. गावात तिची लाज जाऊ नये म्हणून मी तसं केलं.

काकीला धक्का बसला असेल असं मला वाटलं.

"शेवंती इकत होती, ता आख्ख्या गावाक ठावक होता," ती म्हणाली. "ती न्हेत होती ती पाटी माझीच."

मग तुम्ही सगळ्यांनी एक पैसा नाही असं का सांगितलंत, एवढंच मी कसंबसं विचारलं.

"तिचा नाव तुझ्या कागदार येव नये म्हणान. जुवो रिकाम्या घरासाठी, आणि तिचा घर रिकामा होता. तिना ता खाल्ल्यान काय, आणि इकून औषद आणल्यान काय, देवीक एकच. आमी डोळे झाकले. तिका कळू दिला नाय, कळला असता तर ती मेल्यासारखी झाली असती."

म्हणजे मी तिला गावापासून झाकत होते, आणि गाव तिला माझ्यापासून. चाळीस बायका आणि मी, सगळ्यांनी मिळून एकाच बाईला पदराखाली घेतलं होतं. फक्त त्या कागदाचं पुढे काय होणार हे एकटीला माहीत होतं, आणि ती एकटी मी होते.

काकीने माझ्या हातावर हात ठेवला. रागाने नाही, आणि तेच सोसवेना.

"तू आकडो इचारलंस, कित्याक व्हयो ता सांगूक नाय. एकदा येवन सांगितलं असतंस, काकी, असा असा आसा. तर आमी चाळीसय बायलांनी सांगितला असता, आमी सगळ्यो इकतंव म्हणान. देवीसमोर खोटा बोललो असतो. तिना पोटात घातल्यान असता."

मी पेज खाल्ली नाही. काकीच्या पाया पडले आणि जेटीवर परत आले.

शेवंतीने मला बसायला प्लास्टिकची खुर्ची दिली. नवरा गेल्याचं सांगितलं, मुलींची लग्नं झाल्याचं सांगितलं, एक जावई गोव्यात बोटीवर आहे म्हणाली. समोरच्या तिसऱ्या कुठल्या असं विचारलं तर म्हणाली, पहाटे टेम्पो येतो लांबून, बर्फात घातलेल्या असतात, पर्यटकांना काय कळतंय. मग आजूबाजूला पाहून, आवाज खाली आणून ती म्हणाली, "त्या टायमाक तू माझा नाव लिवलंस नाय. मी तुका इसरलंय नाय, बाय. देव तुझा बरा करीत."

काकीने सांगितलेलं तिला सांगावं असं ओठांवर आलं, आणि मी ते गिळलं. पुन्हा एकदा. मला सुचलं ते एवढंच, की दोन वाटे बांधून दे. तिने पिशवीत भरले, वर बर्फाचे तुकडे घातले आणि गाठ मारली. मी विचारलं, किती झाले.

"अडीचशे," ती म्हणाली.

जुवा होता तेव्हा त्याच्या तिसऱ्यांचा आकडा काढायला मला नऊ दिवस लागले होते. हा तिने हिशोब न करताच सांगितला. मी पैसे दिले आणि पिशवी घेऊन गाडीकडे गेले.